देवळीतली बाटली

"मावशी, झालं का गं?"

उजू दारातनं तिसऱ्यांदा विचारत होती. मी स्टोव्हपुढं उकिडवी बसले होते. एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात पाण्याची वाटी. गुळाच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा आणि बोटानं गोळी वळते का बघायची. वळली की मग श्वास घ्यायलाही सवड नाही. लाह्या ओतायच्या, ढवळायचं, ताटात थापायचं, गरम असतानाच सुरीनं कापायचं. पाक कुणाच्या बापासाठी थांबत नाही.

"होतंय होतंय. तू आधी बूट पुसून ठेव. इथं लुडबुडू नकोस, चटका बसला तर उद्या पळणार कशी?"

"पायानं पळतात मावशी, हातानं न्हवं."

"तोंड पण पळतंय की तुझं. त्याची कुठं शर्यत असली तर नाव दे."

ती हसत बाहेर गेली. चौदा वर्षांची होती, नववीत. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या, आणि पंधराशे मीटरमध्ये गडहिंग्लज तालुक्यातनं आमची उजू एकटी निवडली गेली होती.

आमची म्हणायचं खरं. उजू माझ्या पोटची नव्हे. तिची आई सुमन काविळीनं गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती, आणि वर्षभरानं मी या घरात आले. पहिल्या दिवशी सासूबाईंनी तिला माझ्यापुढं उभं केलं आणि म्हणाल्या, "ही मावशी हां तुझी." झालं! आठ वर्षं मी तिचे केस विंचरले, गोवरात सात दिवस उशाशी बसले, तिला पाढे शिकवले, आणि मी मावशीच राहिले. शेजारची दूधवाली पण मावशीच होती की. स्पर्धेच्या फॉर्मवर 'आईचे नाव' होतं तिथं तिनं 'सुमन' लिहिलं आणि खाली पालकांच्या सहीसाठी फॉर्म माझ्यापुढं धरला. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. पण सही करताना पेन मी इतकं दाबलं की कागद फाटला, आणि नवा फॉर्म आणायला तिला परत शाळेत जावं लागलं.

आता त्या वडीचं सांगते. आमच्याकडं शेंगदाणा म्हणजे देव. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, आमटीत कूट, पाहुणा आला की दाणे-गूळ. आणि उजूला नेमके तेच सोसत नव्हते. चौथीत असताना कुणाच्या तरी हळदीकुंकवात दाण्याचा लाडू खाल्ला आणि पोरीचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, घसा भरला. डॉक्टर म्हणाले, दाणे बंद, कूट बंद, कायमचं. गावातल्या बायका हसायच्या. "दाण्यानं कुणाला काय हुतंय व्हय? लाडावलीय पोरगी." मी मात्र त्या दिवसापासून घरातला दाणा हद्दपार केला. कुटाचा डबा शेजारच्या चौगुलेंच्या म्हशीला घातला, खलबत्ता तीन पाण्यांनी धुतला. स्वयंपाकाला रेशनचं पामतेल होतंच. लोक म्हणायचे, सावत्र असून किती करते बघा. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

शर्यतीआधी खायला बाकीच्या पोरी चिक्की आणायच्या. त्यांच्या खेळाच्या खोराटे मॅडमनी एकदा परदेशी पद्धतीची वडी आणून दाखवली. चकचकीत कागदात बोटभर तुकडा, पंचवीस रुपयाला. आमचे हे साखर कारखान्यात वजनकाट्यावर, हंगाम संपला की अर्धा पगार. रोज पंचवीस कुठनं आणायचे? मी त्या कागदावरचं सगळं इंग्रजी उजूकडनं वाचून घेतलं आणि म्हटलं, हात्तिच्या, एवढंच होय? ज्वारीच्या लाह्या, राजगिऱ्याच्या लाह्या, फुटाण्याचं डाळं, भाजलेले तीळ-जवस, चार खजूर बारीक चिरून, आणि गूळ. पंचवीस रुपयांत आठवडाभराच्या वड्या व्हायच्या. मॅडमनी खाऊन बघितल्या आणि म्हणाल्या, "ताई, धंदा काढा." त्या दिवसापासून मी हवेतच होते.

तर त्या संध्याकाळी गोळी वळली. मी लाह्या ओतल्या, ढवळल्या, कढई खाली उतरवली, आणि बघते तर ताट कोरडं. ताटाला तुपाचा हात फिरवायचा राहिलेला. तुपाच्या बरणीत हात घातला तर बरणी पुसलेली. सकाळी सासूबाईंच्या भाकरीला लावून संपलं होतं. पामतेलाचा डबा पालथा केला, थेंब नाही. महिनाअखेर होती, रेशन यायचं होतं. कढईत सगळं आळायला लागलेलं. आता घट्ट झालं तर दगड होणार, एवढं सामान वाया जाणार, आणि पोरगी उद्या काय खाऊन पळणार?

सासूबाई बाहेर तुळशीपुढं होत्या. देव्हाऱ्यात त्यांनी आत्ताच दिवा लावलेला, आणि शेजारी भिंतीतल्या देवळीत दिव्याच्या तेलाची बाटली. मी बाटली उचलली, तळहातावर ओतलं, ताटाला हात फिरवला, बाटली परत देवळीत ठेवली. एका मिनिटाचं काम. ताटात वडी थापली, कापली. तुकडे इतके सुरेख सुटले की बास! उजू आली आणि कडेचा चुरा तोंडात टाकायला वाकली. मी तिच्या हातावर चापट मारली.

"उद्या. पळायच्या आधी."

"एक कण."

"एक कण पण नाही. गार तर होऊ दे की. भवानी कुठली!"

त्या चापटीचं मी अजून काय करू ते मला कळत नाही. तेव्हा खाल्ला असता तर घरात खाल्ला असता, डॉक्टर चार घरं सोडून होते.

सकाळी सातला शाळेची गाडी. सासूबाईंनी उजूच्या हातावर दही-साखर घातली, आणि मग पदराच्या गाठीतनं कागदाची पुडी काढली. आदल्या दिवशीच्या बाजारातनं राजगिऱ्याचा लाडू आणलेला होता.

"आत्या, त्यात दाणे घालतात बाजारात." सासूबाईंना मी आत्या म्हणायचे, आमच्याकडं तशीच रीत.

"व्हय, घालत्यात. म्हणून तर फोडून बघितलाय." त्यांनी पुडी उघडून माझ्यापुढं धरली. लाडवाचे दोन अर्धे. "मला मेलीला दिसत न्हाई नीट. तू बघ."

मी बघितलं. दोन्ही तुकडे उजेडाला धरून बघितले, नखानं उकरून बघितले. राजगिरा आणि गूळ, बाकी काही नाही.

"चालेल," मी म्हटलं.

आत्यांनी पुडी उजूच्या पिशवीत टाकली. उजू वाकून पाया पडली, आधी त्यांच्या, मग माझ्या. "येते मावशी!" गाडी वळेपर्यंत तिचा हात खिडकीबाहेर होता.

साडेअकराला चौगुलेंच्या दुकानातनं हाक आली. आमच्याकडं तेव्हा फोन नव्हता. चौगुले रिसीव्हर माझ्या हातात देताना माझ्याकडं बघत नव्हते.

"ताई, उज्ज्वलाला दवाखान्यात आणलंय," खोराटे मॅडम म्हणाल्या. "श्वास अडकलाय तिचा. तुम्ही या. लगेच या."

आम्ही तिघं कसे पोचलो ते मला आठवत नाही. एवढंच आठवतंय की एसटीत आत्या सारख्या म्हणत होत्या, "आनंदा, गाडी हळू चाललीय रं, सांग की त्याला," आणि हे पुढच्या बाकाचा दांडा धरून रस्त्याकडं बघत होते.

काचेतनं उजू दिसली. तिचं तोंड ओळखू येत नव्हतं. डोळे सुजून बंद, नाका-तोंडात नळ्या. बाहेर मॅडम रडत उभ्या होत्या.

"पळायच्या अर्धा तास आधी तिनं पिशवीतनं काढून काहीतरी खाल्लं. मी लांबनं बघितलं, पण काय ते नाही बघितलं. मग म्हणाली, मॅडम, घसा खाजतोय. पाणी द्यायला गेले, तोवर खाली बसली."

डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, घाईत होते. "हिला दाण्याची अॅलर्जी आहे ना? मग पोटात गेलाय दाणा कुठल्या ना कुठल्या रूपात. अशांना कण पुरतो. दाणा म्हणजे अख्खा दाणाच असं नाही. कूट, चटणी, लाकडी घाण्याचं तेलसुद्धा. काय खाल्लं होतं?"

घाण्याचं तेल.

माझा उजवा हात माझ्या मांडीवर होता. देवळीतली ती बाटली कशाची हे मला ठाऊक होतं. आत्या दर पौर्णिमेला तेल्याच्या घाण्यावर जाऊन पावशेर शेंगतेल आणायच्या. आधी भाकरीवर घ्यायच्या, चटणीवर घ्यायच्या. डॉक्टरांनी दाणे बंद सांगितले त्या दिवशी त्यांनी स्वतः ती बाटली स्वयंपाकातनं उचलून देवळीत नेऊन ठेवली. "आता ही देवाची. पोरीला लागायला नको," म्हणाल्या. मी तेव्हा मनात हसले होते. तेलात कुठला आलाय दाणा? आणि आदल्या संध्याकाळी ताटाला हात फिरवताना पण हेच माझ्या मनात आलं होतं. म्हणजे आलं होतं. मला सुचलंच नाही असं मी म्हणू शकत नाही. थेंबभर तेलानं काय होतंय, असं म्हणून मी हात फिरवला.

मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ सांगते. पण माझ्या आधी हे बोलले.

"वडी होती तिच्याजवळ. पण ती हिनं केलेली," माझ्याकडं बोट करून म्हणाले. "ही दाण्याची सावली पडू देत नाही घरात. वडीत काही नसणार."

"दुसरं काही?"

मग आत्या पुढं झाल्या. "लाडू दिलता मी. राजगिऱ्याचा. बाजारातला."

ह्यांनी आईकडं असं बघितलं, असं बघितलं, की मी खाली मान घातली.

"बाजारातला? आई, बाजारातल्या लाडवात दाणे असतात हे गावातलं शेंबडं पोर सांगेल!"

"फोडून बघितला मी, आनंदा. दोन तुकडं करून बघितला."

"तुला दिसतंय का? परवा माझ्या चहात मीठ घातलंस तू!"

"मला न्हाई दिसत रं. म्हणून तर शालनला दाखवला." आत्या माझ्याकडं वळल्या. मोतीबिंदूनं त्यांचे डोळे दुधासारखे झाले होते, पण बरोबर माझ्या तोंडावर येऊन थांबले. "शालन, तू बघितलास न्हवं? सांग की त्याला."

सगळे माझ्याकडं बघत होते. ह्यांचा माझ्यावर केवढा विश्वास! मॅडमना केवढं कौतुक! आणि काचेपलीकडं ती पोरगी. मी खरं बोलले तर दुसऱ्या दिवशी गावात काय बोललं जाणार ते मला दिसत होतं. सावत्र आईनं घातलं. मुद्दाम घातलं. आणि उजू जगली तर तिलाही कुणीतरी तेच सांगणार.

"मी गडबडीत होते," मी म्हटलं. "नीट नाही बघितला."

आत्यांनी हातानं बाकडं शोधलं. मग त्यावर बसल्या.

"असंल मग," त्या म्हणाल्या. "दिसत न्हाई मला. असंल दाणा."

तिसऱ्या दिवशी उजूच्या नळ्या काढल्या. देवानं तिला परत दिली. तिला गाडीतली गाणी आठवत होती, पुढचं काही आठवत नव्हतं. ग्राउंडवर काय खाल्लं, विचारलं तर नुसती मान हलवायची.

कपडे बदलायला म्हणून मी मधल्या दिवशी घरी आले होते. मॅडमनी दिलेली तिची पिशवी धुवायला न्हाणीत नेली आणि उपडी केली. बूट, टॉवेल, वडीचा डबा. त्यात दोन तुकडे कमी. आणि तळाशी कागदाची पुडी. उघडली. लाडवाचे दोन अर्धे जसेच्या तसे. पोरीनं लाडवाला हातही लावला नव्हता.

पुडी हातात घेऊन मी किती वेळ बसले असेन? एवढा कागद ह्यांना नेऊन दाखवला असता की आत्या सुटल्या असत्या. बाहेर चौगुलेंची बायको हाक मारत होती, "शालन, पोरगी कशी हाय गं?" तिचा आवाज जवळ जवळ येत होता. मी लाडू तोंडात कोंबला. अर्धा, मग दुसरा अर्धा. चावत होते आणि जिभेनं शोधत होते. एखादा दाणा लागू दे, देवा, एक दाणा लागू दे. म्हणजे आत्या पण चुकल्या असं तरी होईल. पण नव्हता. एकही नव्हता. नुसता राजगिरा आणि गूळ. कागद मी न्हाणीतल्या चुलवणात घातला, उरलेल्या वड्या गटारात टाकल्या, आणि दार उघडून म्हटलं, "बरी आहे आता. या ना, बसा."

उजू घरी आली त्या दिवशी मी मऊ भात केला होता. ती अंथरुणावर उशीला टेकून बसलेली. आत्यांनी ताटली उचलली, घास कालवला, आणि चाचपडत तिच्या तोंडाजवळ नेला. उजूनं तोंड फिरवलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा. दवाखान्यात तिच्या कानावर सगळं गेलंच होतं.

"नको आज्जी."

"दही-भात हाय गं सोन्या. नुसता दही-भात."

"नको ना! मला तुझ्या हातचं नको!" आणि ती माझ्याकडं बघून रडायला लागली. "आई, तू भरव. तूच भरव मला."

आठ वर्षं मी त्या शब्दाची वाट बघत होते. आला तो असा आला. मी आत्यांच्या हातातनं ताटली घेतली. त्यांचा हात तसाच घासासकट राहिला. मी उजूला भरवलं, तिनं सगळा भात संपवला, आणि मला आनंद झाला. हो, झाला. आज सांगायला लाज वाटते, पण त्या वेळी आनंद झाला.

पंधरा दिवसांत ह्यांनी आईला थोरल्या भावाकडं नेसरीला पोचवायचं ठरवलं. आत्यांनी वाद घातला नाही. दोन लुगडी, एक शाल, पोथी. निघताना म्हणाल्या, "शालन, देवळीतली तेवढी बाटली दे. तिथं दिव्याला लागंल."

मी बाटली आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली.

"त्या दिशी दिव्याला तेल घालाय गेले तर बाटली गावंना," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "मी ठेवते घंटीच्या उजव्या अंगाला. आंधळ्याचं सगळं जाग्यावर असतंय बाई. तर बाटली डाव्या अंगाला. आणि तेलकट, बाहेरनं."

हे बाहेर रिक्षावाल्याशी बोलत होते.

"उंदीर असंल," आत्या म्हणाल्या. त्यांनी चाचपून माझ्या गालावर हात ठेवला. "पोरीला सांभाळ. आता तुलाच आई म्हणतीय ती."

रिक्षा गेली. मी दारातच बसून राहिले.

आत्या आणखी दोन वर्षं जगल्या. थोरल्या जाऊबाईंनी मला एकदा सांगितलं ते मी अजून विसरू शकत नाही. नेसरीच्या घरात चार नातवंडं होती. आत्या त्यांना गोष्टी सांगायच्या, झोपवायच्या, पण हातानं कधी खायला द्यायच्या नाहीत. पोरं "आज्जी, खाऊ" म्हणून आली की दोन्ही हात पदराखाली घ्यायच्या. "माझा हात बरा न्हाई रं. आईकडं मागा," म्हणायच्या. म्हणजे त्यांना कळलं होतं की नव्हतं? बाटलीचं त्या मला बोलल्या, मग हात कशाला लपवायच्या? मला झाकायला की खरंच स्वतःला गुन्हेगार समजून? मी विचारू शकले असते. दोन वर्षं होती, नेसरी लांब नाही. मी एकदाही विचारलं नाही. त्या गेल्या तेव्हा उजू अंत्यविधीला आली, लांब उभी राहिली, आणि तेराव्याच्या जेवणाला थांबली नाही.

त्यानंतर दिवेलागणीला देवळीकडं हात गेला की मला घंटीच्या उजव्या बाजूला बाटली आहे असं वाटतं. तिथं वीस वर्षं काही नाही. मी दिव्याला तूपच घालते. तरी शेंगतेलाचा वास येतो. मी तळहात साबणानं धुते, राखेनं धुते. हे होते तोवर हसायचे, "किती धुशील? रेघा जातील हाताच्या." काय सांगणार त्यांना? हेही सहा वर्षांपूर्वी गेले.

उजू आता सांगलीला असते, शाळेत खेळाची शिक्षिका आहे. तिची मुलगी कनक, पाच वर्षांची. आईचं दुखणं जसंच्या तसं लेकीत उतरलंय, तिलाही दाणे चालत नाहीत. यंदा मे महिन्यात दोघी आल्या होत्या. कनकच्या शाळेची सहल होती जूनमध्ये. उजू म्हणाली, "आई, तुझ्या त्या वड्या कर, मी लिहून घेते. त्या दिवसानंतर तू कधी केल्याच नाहीस."

"बाजारात मिळतंय की आता सगळं."

"मिळतं, पण त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, दाण्याचे अंश असू शकतात. मला भीती वाटते. तुझ्या हातचं म्हटलं की भीती नाही."

मी करायला घेतलं. लाह्या, डाळं, तीळ, जवस. उजू पाटावर वही घेऊन बसली. कनक तिच्या मांडीवर. गूळ विरघळला, थेंब टाकला, गोळी वळली.

"आता ताट," मी म्हटलं. "ताटाला तूप लावायचं."

"तूपच का?" उजू लिहिता लिहिता म्हणाली. "आमच्या सासूबाई लाकडी घाण्याचं शेंगतेल आणतात. आमच्या दोघींच्या खाण्यात ते वापरत नाही, पण ताटाला नुसता हात फिरवायला चालेल ना? थेंबभर तेलानं काय होतंय?"

अगदी तेच शब्द. मी मान वर केली. कनक माझ्याकडं बघत होती, तोंडात बोट घालून.

"नाही," मी म्हटलं. "तूपच. घाण्याचं तेल घरातच ठेवू नकोस."

"अगं, तेलात कुठं दाणा—"

"होतं त्यानं, उजू. ताटाला लावलेल्या हातानंसुद्धा होतं. पोरगी मरायला टेकते."

ती हसली. "तुला काय माहीत?"

मी तूपच म्हणून गप्प बसू शकले असते. वीस वर्षं बसले होतेच की. पण मग ती सांगलीला गेल्यावर कधीतरी तूप संपलं असतं, आणि पाक कुणासाठी थांबत नाही.

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "त्या दिवशी मी लावलं होतं. देवळीतलं."

पेन थांबलं. मी सगळं सांगितलं. रिकामी बरणी, बाटली, दवाखाना, "नीट नाही बघितला." कढईत पाक आळत चालला होता, उलथनं त्यात रुतून उभं राहिलं. मग तिनं एवढंच विचारलं.

"आणि आज्जीचा लाडू?"

"तू खाल्लाच नव्हतास. पिशवीत होता. मी खाल्ला."

"त्यात होते दाणे?"

"एकही नव्हता."

उजूनं कनकला मांडीवरनं खाली ठेवलं. उठली. कढई माझ्यापुढनं उचलून मोरीत नेऊन ठेवली. ताट घेतलं, गरम पाण्यानं धुतलं, पुसलं, पालथं घातलं. मग वही उघडून शेवटची ओळ उभ्या उभ्या लिहिली. मला वाचता आली. 'ताटाला फक्त तूप.'

"मी तिला म्हटलं होतं, तुझ्या हातचं नको," ती म्हणाली. "मेली तेव्हा पण मी तिच्या घरचं पाणी प्यायले नाही."

"उजू—"

"तू बघत बसलीस."

तिनं पिशवी भरली. मुक्काम चार दिवसांचा होता, ती दुपारच्या गाडीनं निघाली. कनक दारात माझ्या पायाला मिठी मारून म्हणाली, "आजी, वडी?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि माझा हात आपोआप पदराखाली गेला.

उजूनं चपला घातल्या, लेकीचं बोट धरलं. पायरी उतरून ती वळली. डोळे लाल होते, पण आवाज शांत होता, लहानपणी शाळेला निघताना असायचा तसा.

"येते मावशी," ती म्हणाली.